माघी पौर्णिमेच्या ग्रहणाचा दाखला

रविवार, १७ फेब्रुवारी १९८० रोजी सकाळी साडेदहाला सावनेरहून पाहुणे आले. ते शामला धकातेला पाहायला आले होते. पण पाऊण तासात त्यांनी शामलाला जेवढे पाहिले, त्याच्या दुप्पट तिच्या भावाला पाहिले.

पाहुणे तिघे होते. मुलगा गोविंदा कोळशाच्या खाणीत हजेरी मांडायच्या कामावर होता आणि सगळा वेळ आलूपोह्यांतल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला लावत होता. त्याचे वडील बाबनराव तीस वर्षे तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून नुकतेच घरी बसले होते. तिसऱ्या होत्या बाबनरावांच्या थोरल्या बहीण, रुख्माबाई. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात म्हैसही विकली जात नसे. घराणे मूळचे उमरेडचे, विणकरांचे. पुरुषांनी माग सोडला होता. रुख्माबाईंनी मागाबद्दलची मते सोडली नव्हती.

यजमानही विणकरच, म्हणजे एकेकाळचे. गोळीबार चौकामागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत मागाचा खड्डा बुजवून त्यावर आता पलंग टाकलेला होता. श्रावण धकाते गांधीबागेतल्या एका ठोक दुकानात दुसऱ्यांनी विणलेल्या कापडाच्या गाठी सोडत असे. घरात त्याची आई तुळजाबाई, बायको अनुसया, वीस वर्षांची मॅट्रिक झालेली शामला आणि सतरा वर्षांचा कवडू.

कवडूला पाहुणे उठेपर्यंत बाहेर ठेवायचे ठरले होते. त्यासाठी त्याला पाने आणायला पाठवले होते, आणि ती इतवारीतूनच आणायची असे बजावले होते. त्याने ती चौकातून आणली. दोन्हीकडच्या पानांची चव सारखीच असते, असे त्याचे मत होते. त्यामुळे तो पाहुण्यांच्या ऐन चहात दारात उभा राहिला आणि म्हणाला, "रामराम."

शब्द नाकातून आला. वरच्या ओठावर नाकापासून खाली एक जाड शिवण होती.

"हे काय गा झालं तुह्या ओठाले?" रुख्माबाईंनी विचारले.

"फाटला होता, आजी. मेडिकलच्या दवाखान्यात शिवून घेतला," कवडू म्हणाला. "शिलाई पक्की हाय. पाहा लागते तं ओढून."

याआधी तीन स्थळे शामलाला पाहून गेली होती. तिघांनीही कवडूला पाहिले, कारण विचारले नाही, आणि पोचल्यावर पत्र टाकतो म्हणून सांगून ती पोचलीच नाहीत. निदान विचारणारे हे पहिलेच. श्रावणने आईकडे पाहिले. उत्तर द्यायचा अधिकार घरात एकाच व्यक्तीकडे होता.

"गिऱ्हान लागलं बाई त्याले," तुळजाबाई म्हणाल्या. "पोटात होता तवा. आमच्या सूनबाईनं गिऱ्हानात कात्री चालवली."

हे वाक्य त्या घरात सतरा वर्षे बोलले जात होते. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, एकदा तर जनगणनेच्या माणसालाही ते सांगण्यात आले होते, आणि त्याच्या कागदावर तसा रकाना नसल्याबद्दल तुळजाबाई त्याच्यावर रागावल्या होत्या. अनुसया सुरुवातीला रडे, मग गप्प बसे. आता ते वाक्य चालू असताना ती कोणाच्या बशीत काय कमी आहे ते पाहत असे. तिने बाबनरावांना पोहे वाढले.

वाक्याची हकीकत अशी. १९६२ सालच्या फेब्रुवारीत आकाशातले आठ ग्रह एका राशीत जमले होते आणि त्यापायी जग बुडेल असे जाणकारांनी सांगून ठेवले होते. जग बुडाले नाही. पण इतक्या तयारीनंतर कुठे तरी काही तरी व्हायलाच हवे होते. त्याच महिन्यात माघी पौर्णिमेला संध्याकाळी तुळजाबाईंना चंद्र मळकट उगवलेला दिसला. त्याच संध्याकाळी अनुसयाने विणून झालेले लुगडे मागावरून कापून उतरवले. पुढे कार्तिकात कवडू फाटका ओठ घेऊन जन्मला, तेव्हा तुळजाबाईंनी बोटांवर मागे मोजले आणि त्यांना चंद्र व कात्री एकाच तिथीला सापडली. माघ ते कार्तिक नऊ महिने होतात. म्हणजे त्या संध्याकाळी दिवस गेल्याचे खुद्द अनुसयालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. ग्रहण कोणाला माहीत नव्हते, गर्भ कोणाला माहीत नव्हता. अपराध तेवढा साऱ्या गल्लीला माहीत झाला.

रुख्माबाईंचा चेहरा मात्र हे ऐकून सैल झाला.

"गिऱ्हानाचं असन तं काही नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "थे एकाच लेकराले लागते अन् तिथंच सरते. रक्तातलं असलं म्हणजे पोरीसंगं आमच्या घरात येते. मले त्याचंच भेव."

सगळ्यांनी श्वास सोडला. अनुसयाचा गुन्हा सतरा वर्षांत पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होता.

पण बाबनरावांनी तीस वर्षे उगाच अर्ज लिहिले नव्हते. त्यांनी बशी खाली ठेवली. "माघी पौर्णिमा मान्य. कात्री मान्य. पण त्या दिवशी ग्रहण होतं, याले आधार काय?"

"माह्या डोळ्यानं पाह्यलं नं मी!" तुळजाबाई म्हणाल्या.

"साक्षीदार घरचा हाय," बाबनराव सौम्यपणे म्हणाले.

आदल्याच दिवशी, शनिवारी दुपारी, सूर्यग्रहण होऊन गेले होते. नागपूरचे रस्ते इतके ओस पडले होते, की एवढे यश संचारबंदीलाही कधी आले नव्हते. शिकलेल्यांनी घरात बसण्याचे कारण डोळे बिघडतात असे सांगितले, बाकीच्यांनी खरे सांगितले. कालचे ते ग्रहण तर छापून आले होते, रेडिओवर सांगितले होते; मग बासष्टचे कुठे तरी असेलच की नाही, असा बाबनरावांचा मुद्दा होता.

"येत्या रविवारी येतो," रुख्माबाई उठत म्हणाल्या. "कागद दाखवा, सुपारी फोडू. नसला कागद तं मंग आपली ओळख झाली, थेच खूप."

जाताना गोविंदाने शामलाकडे एकदा पाहिले. शामलाने त्याने वेचून ठेवलेल्या मिरच्यांकडे पाहिले आणि ती हसली. एवढ्या पुराव्यावर त्या दोघांचा निकाल लागून गेला होता. पण तो कोणी विचारला नव्हता.

सोमवारी श्रावण महालातल्या जोशीबुवांकडे गेला. जोशीबुवांकडे जुनी पंचांगे सालवार सुतळीत बांधून ठेवलेली होती. त्यांनी शके १८८३ काढले, धूळ झटकली, माघ शुद्ध पौर्णिमेवर बोट ठेवले.

"१९ फेब्रुवारी, सोमवार. ग्रहण नाही."

"नीट पाहा नं, महाराज."

"ग्रहण काय दोन ओळींच्या फटीत जाऊन बसतं? नाही म्हणजे नाही. शांत वगैरे करायची होती का?"

"जे झालंच नाही त्याची शांत?"

"करतात लोक," जोशीबुवा म्हणाले.

श्रावणने तिथी-तारखेची चिठ्ठी खिशात घातली आणि घरी येऊन निकाल सांगितला.

"पंचांग चुकलं," तुळजाबाई म्हणाल्या. पंचांगाला विचारल्याशिवाय ही बाई पापडाचे पीठ मळत नसे.

अनुसया चुलीपाशी होती. तिने तव्यावरची पोळी उतरवली आणि विचारले, "म्हणजे मी काही केलंच नोतं?"

"तू थांब वं जराशी," श्रावण वैतागून म्हणाला. "इथं शामलाचं काय करा, थे समजून नाही राहिलं अन् तुले तुह्यं पडलं."

"माय, तू सुटली," कवडू म्हणाला. "पण जमानत दिदीची जप्त झाली."

तसेच होते. ग्रहण नव्हते तर दोष कात्रीचा नव्हता. कात्रीचा नव्हता तर रक्ताचा होता. आणि रक्ताचा असेल तर सावनेरची सोयरीक संपली. सतरा वर्षांनी अनुसया निर्दोष ठरली, ती नेमकी त्या आठवड्यात, ज्यात तिने दोषी असणे घराला हवे होते. शामला परातीतली कणीक पुन्हा पुन्हा मळत राहिली. अनुसयाने तिच्याकडे पाहिले आणि आपले सुटणे तिथेच परातीशेजारी ठेवून दिले.

"गजभिये मास्तरले इचारू," ती म्हणाली.

दादाजी गजभिये पलीकडच्या गल्लीत राहत आणि शाळेत विज्ञान शिकवत. सोळाव्या वर्षी, १९५६ साली, त्यांनी वडिलांसोबत दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात पंचांग आले नव्हते. आले ते आकाशाच्या गणिताचे पुस्तक, दरवर्षी कलकत्त्याहून, टपालाने. शनिवारच्या सूर्यग्रहणासाठी त्यांनी शाळेच्या मैदानात आरसा आणि पांढरा पडदा लावून बेचाळीस विद्यार्थ्यांना बोलावले होते. तीन आले, त्यांतली एक त्यांची मुलगी होती. कवडू चौथीत असताना त्याचे बोट धरून त्याला मेडिकलच्या डॉक्टरांपुढे उभे करणारेही तेच. त्याआधी घरात कारण सापडलेले असल्यामुळे उपाय शोधायची गरज कोणाला वाटली नव्हती. तुळजाबाई त्यांच्या घरचे पाणी पीत नसत. गणित चालणार होते.

मंगळवारी संध्याकाळी श्रावण आणि अनुसया त्यांच्याकडे गेले. मास्तरांनी अर्धीच हकीकत ऐकली आणि त्यांना इतका आनंद झाला, की ते खुर्चीवरून उठले.

"पंचांगातच नाही नं? मंग झालं तं! वहिनी, तुमी मोकळ्या."

"मोकळी नोको, गुरुजी," अनुसया म्हणाली. "मले गिऱ्हान पाह्यजे."

मास्तर पुन्हा बसले. श्रावणने उरलेली अर्धी हकीकत सांगितली. ती ऐकून मास्तरांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. ते प्रामाणिक होते. ही सवय त्यांना याआधीही नडली होती.

"पंचांगात नाही याचा अर्थ नव्हतंच, असा होत नाही," ते अखेर म्हणाले. "एक तिसरं ग्रहण असते. छायाकल्प म्हणतात त्याले. हे पाहा."

त्यांनी दिव्यासमोर हात धरला. भिंतीवर पंजाची काळी सावली पडली. "ही दाट सावली. अन् तिच्या कडेनं ही दुसरी, विरळ, राखेच्या रंगाची. दिसते? पृथ्वीच्याही अशा दोन सावल्या. चंद्र दाट सावलीत शिरला म्हणजे खरं ग्रहण, सारे पाहतात. नुसता विरळ सावलीतून निंगून गेला म्हणजे छायाकल्प. बरेचदा डोळ्याले फरकच समजत नाही. म्हणून पंचांगवाले थे पाळत नाही, पुष्कळदा छापतही नाही."

"दिसत नाही, पाळत नाही," श्रावण म्हणाला, "तं मंग होते कशाले?"

"आपल्यासाठी नाही होत, श्रावणभाऊ."

मास्तरांनी कलकत्त्याचे पुस्तक उघडले. याच वर्षी, होळीच्या रात्री असे एक ग्रहण होते. त्याचा मध्य २ मार्चला पहाटे सव्वादोनला. मग त्यांनी एका जुन्या उत्तरपत्रिकेची पाठकोरी बाजू घेतली. "सूर्य, पृथ्वी अन् चंद्र आज जसे बसले, तसेच पुन्हा बसतात अठरा वर्षं, अकरा दिवस अन् आठ तासांनी. जवळपास तसंच ग्रहण पुन्हा होते. आपण उलटं जाऊ."

आठ तास वजा केले: १ मार्च, संध्याकाळचे सव्वासहा. अकरा दिवस वजा केले: १९ फेब्रुवारी. अठरा वर्षे वजा केली: १९६२.

"तुमची माघी पौर्णिमा कोणत्या तारखेले होती म्हणता?"

श्रावणने खिशातून जोशीबुवांची चिठ्ठी काढून समोर ठेवली. १९ फेब्रुवारी १९६२, सोमवार.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हातारीने इतकी वर्षे एका खोट्या ग्रहणावरून सुनेला छळले, हे त्यांना सिद्ध करायचे होते. ग्रहण खरे निघाले. तेही ऐन चंद्रोदयाच्या वेळचे. तुळजाबाईंना जे मळकट दिसले तो साऱ्या गल्लीतल्या चुलींचा धूर असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण धुरामागे ग्रहण होते. चुकीच्या रस्त्याने चालत जाऊन म्हातारी बरोबर पत्त्यावर पोचली होती.

"होतं," ते म्हणाले. स्वतःच्याच पक्षाविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसाचा आवाज असतो, तसा तो आवाज होता.

"मंग ओठ त्याच्यानंच फाटला काय?" अनुसयाने विचारले.

"नाही वहिनी! त्याचा अन् याचा काडीचाही संबंध नाही."

"मंग कशानं?"

"थे अजून शास्त्राले पक्कं समजलं नाही."

तुळजाबाईंजवळ कारण होते, मास्तरांजवळ नव्हते. सोयरिकीच्या बैठकीत "अजून समजले नाही" या उत्तराचे काय होते, हे तिघांनाही ठाऊक होते.

दाखला लिहायला मास्तर आधी नाहीच म्हणाले. शनिवारी ज्या भुताला घालवायला आरसा लावला, त्याच भुताला मंगळवारी ओळखपत्र द्यायचे, हे त्यांना जमेना. मग अनुसया म्हणाली, "गुरुजी, माह्यी अब्रू गेली थे गेली. पोरीचं तरी जमू द्या." मास्तरांनी कागद घेतला. त्यावर दोन वाक्ये लिहिली. पहिले: दिनांक १९ फेब्रुवारी १९६२ रोजी सायंकाळी गणिताने छायाकल्प चंद्रग्रहण होते, व तशाच प्रकारचे ग्रहण १ मार्च १९८० च्या रात्री होणार आहे. दुसरे: या किंवा कोणत्याही ग्रहणाचा गर्भावर, अन्नावर वा कात्रीवर कसलाही परिणाम होत नाही. खाली सही: दादाजी लहानूजी गजभिये, बी.एस्सी., बी.एड. शाळेचा शिक्का मारायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

रविवार, २४ फेब्रुवारीला पाहुणे ठरल्या वेळी आले. बाबनरावांनी चष्मा चढवून दाखला दोनदा वाचला.

"शिक्का नाही."

"बी.एस्सी. हाय," श्रावण म्हणाला.

"मंग चालन." बाबनरावांनी दुसऱ्या वाक्यावर नखाने रेघ ओढली. "हा मजकूर अनावश्यक हाय. अर्जात लोक असंच मनातलं लिहून टाकतात." त्यांनी कागद पहिल्या वाक्याखाली दुमडला आणि बहिणीपुढे ठेवला. रुख्माबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी दुमडलेला कागद समाधानाने पाहिला.

"म्हनलं होतं नं मी!" तुळजाबाई पलंगावर सरसावून बसल्या. "इतके वर्सं सांगून राहिली. सारे मलेच येड्यात काढत."

वास्तविक कोणीही त्यांना वेड्यात काढले नव्हते. तीच तर अडचण होती.

आता फक्त जबाबाचा उपचार उरला होता. शामलाने पडद्याआडून सुपारीचे ताट पुढे सरकवून ठेवले होते. रुख्माबाई अनुसयाकडे वळल्या. "सांग वं बाई. काय कापलं तू?"

"लुगडं उतरवलं मागावरून. शेवटचं सूत कापलं."

"कायनं?"

"कात्रीनं."

"घरात किती कात्र्या होत्या?"

"एकच."

"कोणाजवळ राहे?"

प्रश्न साधा होता, आणि तो त्या गल्लीत इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होते. त्यांच्या विणकर घरांत मागावरचे कापड उतरवायची कात्री घरातल्या थोरल्या बाईच्या कमरेला असे, किल्ल्यांच्या जुडग्यात. सुनेने सुताच्या कांड्या भराव्यात, सुताला खळ लावावी, डोळे फुटेस्तोवर तुटके धागे सांधावेत. कात्रीला हात लावायचा तो सासूने काढून दिली तरच. रुख्माबाईंना स्वतःला ती सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर मिळाली होती, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. त्या हे विसरल्या नव्हत्या.

"आत्याबाईजवळ," अनुसया सासूकडे पाहून म्हणाली. "कमरेले."

"मंग तुह्या हातात कशी आली?"

अनुसयाला त्या संध्याकाळचे काहीच आठवत नव्हते. सोमवार होता, सोमवारी जे होते तेच झाले असणार. आपण कात्री चालवली हेसुद्धा तिला सासूने सांगितले म्हणून माहीत होते. तिच्यापुढे तीन उत्तरे होती. मी न विचारता काढून घेतली, असे म्हटले तर मुलीची आई हातची लबाड ठरली असती. आठवत नाही, असे म्हटले तर ते खरे झाले असते, आणि ताट पडद्याआड परत गेले असते.

"आत्याबाईनं काढून देल्ली," ती म्हणाली. "म्हनाल्या, चंद्र निंगाला, उजेड हाय तवरी कापून घे."

तुळजाबाईंनी तोंड उघडले. रुख्माबाई आधीच त्यांच्याकडे वळलेल्या होत्या.

"तुमी चंद्र पाह्यला होता म्हनता नं, इहीणबाई?"

"पाह्यला."

"मळका?"

"मळका होता. म्हणून तं—"

"म्हणजे घरात गिऱ्हान ठाऊक होतं थे तुमाले एकटीले. अन् कात्री होती थे तुमच्याजवळ."

तुळजाबाईंनी मुलाकडे पाहिले. श्रावण जमिनीकडे पाहत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तिथे फार काही दिसत असावे असे वाटत होते. नाही म्हणणे सोपे होते. कात्री मी दिली नाही. मग कात्री चालली नाही. मग ग्रहण असूनही लागले नाही. मग ओठ रक्ताचा. बाबनरावांनी घडी केलेला कागद अजून हातात धरला होता.

"आजी," कवडू म्हणाला, "माह्या ओठाले अजून एक टाका पडला तं चालन. तू बोल."

"देल्ली असन," तुळजाबाई म्हणाल्या.

"असन नाही चालत," बाबनराव म्हणाले. "देल्ली का नाही देल्ली?"

"देल्ली."

ताट बैठकीच्या मधोमध आले. सुपारी फुटली. गोविंदाने या वेळी पोह्यांतली एक मिरची खाल्ली आणि त्याला ठसका लागला. त्याला पाणी द्यायला शामला स्वतः बाहेर आली, आणि कोणी काही म्हटले नाही.

निघता निघता रुख्माबाई दारात थांबल्या. "पुढलं गिऱ्हान होळीले हाय म्हणते कागद. तं ज्याचा दोष त्यानं थे पाळा. वेध लागल्यापासून सुटेस्तोवर. पाण्याचा थेंब नाही. म्हणजे आमची पोरगी येईन थे सारं फेडून येईन."

"मास्तर म्हणतात, पंचांगवाले असलं गिऱ्हान पाळत नाही," श्रावण घाईने म्हणाला.

"हे पाळायचं नसन तं थेही पाळायचं नोतं," रुख्माबाई म्हणाल्या. "मंग ओठ कशानं फाटला गा?"

याचे अर्धे उत्तर मास्तरांनी लिहून दिले होते. ते कागदाच्या घडीत गेले होते.

"पाळीन मी," तुळजाबाई म्हणाल्या.

शनिवारी, १ मार्चला, होळी होती. ग्रहण रात्री सव्वाबाराला लागणार होते. नऊ तास आधी वेध, म्हणजे दुपारी सव्वातीनपासून तोंड बंद. तुळजाबाईंनी तीन वाजता वरणभात खाल्ला, तोंड धुतले, आणि त्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या. शेजारी तुळशीची पाने ठेवली.

संध्याकाळी चौकात होळी पेटली. नैवेद्य दाखवून झाला आणि गल्लीभर पुरणपोळ्यांचा वास सुटला. जोशीबुवा दोन घरी जेवले. सावनेरला रुख्माबाईही जेवल्या. त्यांना विचारले असते तर त्यांनी ते लपवले नसते. एवढ्या मोठ्या नागपुरात हे ग्रहण कोणी पाळत असेल तर ती गोळीबार चौकामागची एक सत्तर वर्षांची बाई होती, आणि ते पाहणारा कोणी असेल तर गजभिये मास्तर. काही दिसणार नाही, हे ठाऊक असूनही ते दोनचा गजर लावून गच्चीवर जाणार होते. ते शास्त्राचे माणूस होते.

साडेआठच्या सुमाराला पुढच्या खोलीत पंगत बसली. शेजारचे चार जण जेवायला आले होते. शामलाचे ठरल्यापासून गल्लीला धकात्यांचे घर अचानक जवळचे वाटू लागले होते. अनुसया तुपाचे भांडे घ्यायला आत आली.

"अनुसया," तुळजाबाई हळूच म्हणाल्या. "इकडं ये वं."

ती पलंगाजवळ आली.

"मी खरंच देल्ली होती काय वं थे कात्री?"

या घरात येऊन अनुसयाला बावीस वर्षे झाली होती. त्या दिवशी काय झाले, असे सासूने तिला पहिल्यांदाच विचारले होते.

"मले कसं ठाऊक, आत्याबाई?" ती म्हणाली. "मले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. तुमी जसं सांगत गेल्या, तसं मी ऐकत गेली."

तुळजाबाईंनी डोळे मिटले. पुढच्या खोलीतून कोणी तरी तूप, तूप म्हणून हाक मारली. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"देल्लीच असन," त्या म्हणाल्या. "मले दिसून राहिली मी, देतानी."

अनुसयाने तुपाचे भांडे उचलले आणि ती वाढायला गेली.